करवतीने राखलेलं रान

लेकीकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले की देवळं आणि मॉल होतातच. या नोव्हेंबरात मात्र एका रविवारी ती मला शिकागोच्या उत्तरेला, नॉर्थब्रुकच्या सॉम वूड्स नावाच्या रानात घेऊन गेली आणि हातात करवत दिली. झाडं तोडायला! माझा हात पुढेच होईना.

"आई, अजून हिरवं दिसतंय ना, तेवढंच तोडायचं," ती म्हणाली.

ते बकथॉर्न नावाचं झुडूप. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं. बाकीच्यांची पानं गळाली तरी हे हिरवंच राहतं, त्यामुळे या दिवसांत चटकन ओळखू येतं. काळी फळं पक्षी खातात आणि बी रानभर पसरतं. आपल्याकडे घाणेरीने केलं तेच. त्याच्या दाट सावलीत ओकचं रोप उजेडावाचून मरतं. जुने ओक डौलात उभे, पण पायाशी नातवंडं नाहीत.

मनगटाएवढं एक खोड कापलं. आतलं लाकूड केशरी निघालं, झेंडूसारखं. उरलेल्या बुंध्यावर लगेच तणनाशक लावतात, नाहीतर झुपक्याने फुटवे येतात. फांद्या ओढत नेऊन शेकोटीत टाकायच्या. शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँच या फाट्याकाठच्या रानांत स्वयंसेवक 1977 पासून हे काम करताहेत, पगाराशिवाय. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

इथे अधूनमधून रानही मुद्दाम जाळतात, हे ऐकून पोटात गोळा आला. वणवा म्हणजे काय ते आपण दर उन्हाळ्यात डोंगरावर बघतो. पण ही आग जाणत्या माणसांच्या ताब्यातली, जमिनीलगत सरकणारी. बर ओकची साल बुचासारखी जाड, तिला ती सोसते. पातळ सालीची झुडपं जळतात. युरोपीय लोक येण्याआधी इथले मूळ रहिवासी असंच जाळत. ते थांबलं आणि रान कोंदलं.

डबा खायला हिकरीखाली बसलो. अक्रोडाच्या कुळातलं झाड. सालीच्या हातभर लांब पट्ट्या सुटून बाहेर वळलेल्या, जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे निघावेत तशा. मी एका पट्टीखाली बोट घातलं. आत कोरडं, उबदार.

निघताना लेकीने आम्ही मोकळ्या केलेल्या जागेत वाकून दाखवलं. गुडघ्याएवढं ओकचं रोप होतं. तीन तपकिरी पानं अजून धरून ठेवलेली, आणि त्यांच्यावर ऊन पडलं होतं.