प्रमाणपत्रे आणि घुमट

आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलाच्या काचेखाली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे अंथरलेली आहेत. जेवणानंतरच्या सुस्तीत परवा ती वाचत बसलो. ‘प्रगत एक्सेल’, ‘वेळेचे नियोजन’ वगैरे. त्याच काचेवर कॅल्क्युलेटर ठेवून टेबलाची मालकीण एक्सेलमधली बेरीज पडताळत होती.

‘‘पिव्होट टेबल शिकवलं होतं ना? त्यात बेरजा आपोआप होतात.’’

‘‘हो, सोमवारपासून सुरू करते.’’

कुठल्या सोमवारपासून, हे विचारायची पणजीत पद्धत नाही.

मला माशेल गावातले घर आठवले. गणेश चवथीच्या दुपारी काकांनी घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेले वाद्य, मांडीवर दिले. उजव्या हाताच्या बोटांनी चामड्यावर थाप मारायची, डाव्या तळव्याने मडक्याचे मागचे तोंड झाका-उघडायचे, की आवाज घुमतो. पूर्वी घोरपडीचे चामडे असे. त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचे. दिवेलागणीला काकांनी मला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली थोरांच्या मधोमध बसवले. ‘‘अजून येत नाही नीट,’’ मी पुटपुटलो. ‘‘आरतीत येईल. बस.’’ शामेळाच्या ठोक्यांचा आणि कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, असा काही गजर, की माझी चुकलेली थाप माझ्यापुरतीच राहिली. मग शेजारचे घर, मग त्यापुढचे. मोदकांनी पोट भरेपर्यंत हात बसला होता.

ऑफिसात हे गजराचेच काम कुणी करत नाही. शिकून आलेला माणूस एकटा बसतो, चुकला तर थेट साहेबांच्या मेलमध्ये दिसतो. मग तो जुना कॅल्क्युलेटरच काढणार. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली छापले. दिवसभराने पाठांतराचा जेमतेम तिसरा हिस्सा उरत होता. म्हणजे सोमवार उजाडेपर्यंत काय उरणार! पीटर गोलविट्झर हे मानसशास्त्रज्ञ तर म्हणतात, नुसते ‘करीन’ नको, ‘अमुक झाले की तमुक करीन’ असे ठरवा. हजेरीचा तक्ता हातात आला की पिव्होटच लावायचा, असे. साहेबांनी तो तक्ता त्याच संध्याकाळी मागावा, आणि पहिल्या खेपेला चुका मोजू नयेत. एवढ्याने भागेल, असे मला वाटते.

पण आमची प्रशिक्षणे असतात शुक्रवारी दुपारी. पुढे शनिवार-रविवार. मी एकदा विचारलेही, बुधवारी का नाही ठेवत? तर म्हणे, हॉल शुक्रवारीच रिकामा असतो.