ललिता पवार : डाव्या डोळ्याच्या पलीकडे

ललिता पवार म्हटलं की बारीक झालेला डावा डोळा आणि सुनेला छळणारी खाष्ट सासू आठवते. एवढ्यावर थांबणं म्हणजे या बाईंवर अन्याय आहे. १९५५ चे दोन सिनेमे लागोपाठ बघा. ‘श्री ४२०’मध्ये त्या केळी विकणारी गंगामाई आहेत. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या श्रीमंत सीतादेवी. मृत्युपत्राची अट पुरी व्हावी म्हणून भाचीला पैसे देऊन नवरा आणायचा आणि मग घटस्फोट घ्यायचा, हा बेत त्यांचाच. वर्ष तेच, डोळाही तोच. पण गंगामाई तोंड सोडते तेव्हासुद्धा आवाजात ऊब असते, सगळं अंग बोलत असतं. सीतादेवीची मान ताठ आणि वाक्यं हुकूम सोडल्यासारखी. फरक डोळ्यात नाही, आवाजात आणि खांद्यांत आहे.

डोळ्याची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधू राहिला. येवल्याची ही मुलगी मूकपटांच्या काळात लहानपणीच सिनेमात आली होती; नायिका झाली, निर्मितीतही उतरली. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’त तर गायलीसुद्धा. नायिकेचा मार्ग बंद झाला तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती.

मग १९४४ ला प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी म्हणून मराठी घराघरांत जिचं नाव घेतात, ती. चरित्र भूमिकांचा खरा पाया मला इथे दिसतो. पुढे १९५० च्या ‘दहेज’ने सासू पक्की केली.

वयाचा हिशेबही मांडून बघावा. जन्म १९१६ चा. राज कपूर त्यांच्यापेक्षा अवघे ८ वर्षांनी लहान, आणि ‘श्री ४२०’त त्या त्याच्या आईच्या जागी! केस पांढरे करून हे जमत नाही. चाल जड करावी लागते, बसता-उठताना गुडघ्यांना वय द्यावं लागतं. ते जरा जास्त झालं की बाई म्हातारी न वाटता म्हातारीचं सोंग वाटते.

सगळ्यात अवघड काम ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाचं. ही घरमालकीण भाडेकरू राजूवर (राज कपूर) वरून करवादते आणि आतून जीव लावते. भेसळीच्या औषधाने ती जाते आणि आळ राजूवर येतो. पुढचा सगळा सिनेमा त्या मरणावर उभा आहे. तोवर प्रेक्षकाला तिचा लळा लागला नाही, तर कथाच कोसळेल. म्हणून तिचं ओरडणं कधीच पूर्ण कठोर होत नाही. रागाच्या शेवटी आवाज किंचित उतरतो आणि माया तिथून डोकावते. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर याच भूमिकेला मिळालं.

‘जंगली’तली हसण्यावर बंदी घालणारी आई आणि ‘रामायण’ मालिकेतली मंथरा सर्वांनी पाहिली आहे. त्यांनंतर ‘आनंद’मधली मेट्रन जरूर बघा. ‘अनाडी’च्याच दिग्दर्शकाने, हृषीकेश मुखर्जींनी, १९७१ मध्ये तिला पुन्हा डिसा हेच नाव दिलं.