लाल दिवा

बाबांच्या पद्मिनी गाडीचं इंजिन बोअर करून, क्रँक ग्राइंड करून परत बसवलं आणि आज सकाळी स्टार्टर मारला. पहिल्या फटक्यात सुरू! पण ऑइलचं प्रेशर कमी असल्याचा लाल दिवा काही विझेना.

मिस्त्रीकाका म्हणाले, "स्विच गेला असेल." असेलही, पण त्या भरवशावर नवी बेअरिंगं कोण जाळून घेणार? दिव्याचा स्विच काढून तिथे प्रेशर दाखवणारा काट्याचा गेज लावला. ८ पीएसआय. जरा रेस दिली तरी काटा १० च्या वर जाईना. लगेच बंद केलं.

बेअरिंगं सैल असती तर थंड, जाड ऑइलवर प्रेशर आधी बरं दिसलं असतं आणि गरम झाल्यावर पडलं असतं. इथे थंड इंजिनलाच बोंब. म्हणजे ऑइल पंप, नाहीतर जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह.

इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवला (थोडं ऑइल शर्टावर, त्यावरून घरी व्हायचं ते झालं). व्हॉल्व्हचा प्लंजर उघडाच अडकलेला, फटीत नखाच्या टोकाएवढी लोखंडाची कपची. घासकाम चालू असताना त्याच बाकावर पंप उघडा ठेवणारा मीच! एका बेअरिंगची कॅप काढून पाहिली, ओरखडा नाही. हुश्श.

सगळं डिझेलने धुऊन बसवलं. संध्याकाळी गरम इंजिनवर, मध्यम रेसला काटा ४० वर. काकांनी काही न बोलता चहा पुढे केला.