काचेखालची ट्यूबलाइट

दुपारच्या लोकलमध्ये खांद्याला शीटचं नळकांडं अडकवलेला, डोळे तांबारलेला पोरगा दिसला की समजावं, सबमिशन आलंय. मुंबई विद्यापीठाचा वारसा म्हटलं की लोक १८५७ सांगतात, राजाबाई टॉवरची २८० फूट उंची सांगतात. सांगोत बापडे. जीटी मारणं, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, दुसऱ्याची इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवून गिरवणं, हाही वारसाच. कुठल्याही सिलॅबसमध्ये नसताना सिनिअरकडून ज्युनिअरकडे चालत आलेला.

टेबलाची काच दोन खुर्च्यांवर टेकवायची, खाली ट्यूब. बल्ब नको. बल्बाने काच तापते, कागद वळतो, आणि उजेड मधोमध गोळा होऊन कोपऱ्यातल्या रेषा दिसतच नाहीत. खोलीतला दिवा बंद, पंखाही बंद. मूळ शीट खाली, कोरी वर, चारही कोपरे टेपने पक्के. वरची शीट मध्येच मिलिमीटरभर सरकली तरी फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू, म्हणजे वस्तूची समोरून आणि वरून दिसणारी आकृती, एका रेषेत येत नाहीत, आणि सर नेमकी तिथेच पट्टी लावतात.

सरळ रेषा कोणीही ओढेल. घात करतात ती वर्तुळं. कंपासचं टोक ड्रॉइंग बोर्डात रुततं, काचेवर घसरतं. म्हणून कोऱ्या शीटच्या पाठीला, केंद्राच्या जागी, सेलोटेपचे तीन-चार थर द्यायचे. टोक धरतं आणि उजेडही अडत नाही. बहुतेक जण मात्र कन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे आकृती बांधताना आधी ओढलेल्या, फिकट रेषा गाळून फक्त ठळक आकृती उतरवतात. पकडले जातात ते त्यामुळे. इतकी स्वच्छ शीट कोणाची असते?

प्रॉब्लेम वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे मूळ शीटवर एखादी हिडन लाइन (मागे झाकलेली कड दाखवणारी तुटक रेषा) राहून गेली, तर ती पुढच्या बॅचमध्येही राहूनच जाते. मुरलेले सर तेवढ्यावरून शीटचं घराणं सांगतात.

टायटल ब्लॉक, म्हणजे शीटवरची नाव-नंबराची चौकट, पहाटे तीनला भरू नये. मूळ मालकाचा रोल नंबरही सुबक अक्षरांत उतरतो.

ही चोरी आहे का? आहेच की. फर्स्ट अँगल या मांडणीच्या पद्धतीत टॉप व्ह्यू खाली का, हे व्हायव्हात विचारलं की गिरवणारा गप्प होतो. आता कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, आलं. काच गेली, फाइल पेनड्राइव्हवरून येते. पोरं फाइलचं नाव तेवढं बदलतात. शेवटचं सेव्ह कोणी केलं हे आत नोंदलेलं असतं, ते बघायचं कोणाच्या लक्षात राहतंय!