लेसर फक्त अंतर मोजतो

मंगळाचा निळा-लाल उंचीचा नकाशा बहुतेकांनी पाहिलेला असतो. तो मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या ‘मोला’ या लेसर अल्टिमीटरचा, म्हणजे लेसरने उंची मोजणाऱ्या उपकरणाचा. ४०० किमी उंचीवरून सेकंदाला १० झोत, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, जमिनीवर ठिपका साधारण १६० मीटरचा, आणि दोन ठिपक्यांत ३०० मीटर.

झोत जाऊन परत यायला २.७ मिलिसेकंद लागतात. वेळेत एक नॅनोसेकंद चुकलं की अंतर १५ सेंमीने चुकतं. पण खरी डोकेदुखी घड्याळाची नाही. यान नेमकं कुठे होतं आणि लेसर कुठे रोखलेला होता, हे कळल्याशिवाय अंतराची उंची होत नाही. रोख ०.२ मिलिरेडियनने (मिलिरेडियन हे कोनाचं छोटं एकक) हलला तर ठिपका ८० मीटर सरकतो. ३ अंशांच्या उतारावर उंचीत ४ मीटरची चूक. शिवाय त्याच उतारावर ठिपक्याची एक कड दुसरीपेक्षा आठेक मीटर खाली असते, म्हणून परतीचा झोत पसरतो आणि कमकुवत होतो. घड्याळ थांबवणारी ठरलेली पातळी कमकुवत झोत उशिरा ओलांडतो, जमीन आहे त्याहून खोल दिसते. यासाठी मोलाच्या रिसीव्हरमध्ये वेगवेगळ्या रुंदीचे चार फिल्टर होते.

कक्षेतली चूक क्रॉसओव्हरवर पकडतात. दोन मार्ग एकमेकांना छेदतात तिथे उंची एकच यायला हवी. जो फरक उरतो तो वापरून कक्षा दुरुस्त करतात.

डेटा वापरणाऱ्यांनी ग्रिडसोबतची (ग्रिड म्हणजे चौकटींत मांडलेल्या उंच्या) ‘काउंट्स’ फाइल आधी उघडावी. प्रत्येक चौकटीत किती मोजमापं पडली, ते ती सांगते. विषुववृत्ताकडे मार्गांमध्ये मोठ्या फटी आहेत. ज्या चौकटीत शून्य, तिथली उंची मोजलेली नाही, शेजाऱ्यांवरून भरलेली आहे. तिथे छोटं विवर शोधत बसू नये.

आता मंगळाच्या पोटातलं. लेसर खडकात शिरत नाही, हे ‘लेसरने मंगळाचा गाभा पाहिला’ छापाच्या बातम्यांत हमखास हरवतं. यानाच्या रेडिओ डॉप्लरवरून, म्हणजे वेगामुळे रेडिओ संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, गुरुत्वाकर्षण मिळतं. त्यातून डोंगरांचा वाटा वजा करायचा: २९०० किग्रॅ प्रति घनमीटर घनतेच्या १ किमी थराचे सुमारे १२२ मिलिगॅल (गुरुत्वाकर्षण मोजायचं एकक). उरतं ते कवच (वरचा खडकाळ थर) आणि त्याखालचं प्रावरण यांच्या सीमेच्या चढउताराचं, असं मानून कवचाची जाडी काढतात. मात्र यातून कळते ती जागोजागच्या जाडीतली तफावत. सरासरी आकडा बाहेरून द्यावा लागतो. मंगळावरच्या इसिडिस खोऱ्याखाली जाडी उणे येऊ नये, अशी एक अट हाताशी होती. इनसाइट यानाचा भूकंपमापक मंगळावर उतरल्यावर २०२१ मध्ये एका जागेची जाडी मिळाली, तीसुद्धा दोन पर्यायांत: २० किंवा ३९ किमीच्या आसपास.