लाल पाटीच्या घरातले

मार्चमध्ये पुण्याहून मला पाठवलेलं एक पाकीट फ्रँकफर्टपर्यंत येऊन परत गेलं. रस्ता बरोबर, घरनंबर बरोबर, पिनकोड बरोबर. फक्त खालच्या टपालपेट्यांवर 'सासवडकर' हे नाव कुठेच नव्हतं. लेकीच्या पेटीवर 'देसाई' आहे. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर घालायची पद्धतच नाही. बेलवर आणि पेटीवर आडनाव असतं, ते जुळलं तर टपाल तुमचं. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाचं पाकीट पत्त्यापायी परत जावं, यावर जावई दोन दिवस हसत होता.

रविवारी तोच म्हणाला, "चला बाबा, पत्त्याचंच आडनाव झालं ती गल्ली दाखवतो."

ट्राममधून बर्नेप्लाट्झला उतरलो. गल्ली म्हणावी असं काही दिसेना. रुंद रस्ता, गाड्या आणि एक भलीमोठी सरकारी वाटावी अशी इमारत. गल्ली त्या इमारतीच्या पोटात आहे. १९८७ मध्ये इमारतीचा पाया खणताना जुन्या घरांची जोती निघाली. मोठा वाद झाला, लोक खड्ड्यात जाऊन बसले, शेवटी पाच घरांची जोती राखली. त्यावर १९९२ पासून म्युझियम आहे, 'युडेनगासे' म्हणजे ज्यूंची गल्ली या नावाचं.

१४६२ मध्ये फ्रँकफर्टच्या ज्यूंना शहराच्या जुन्या तटाला लागून एका गल्लीत राहायला लावलं. लांबी साधारण ३३० मीटर, रुंदी तीन-चार मीटर. रात्री आणि रविवारी वेशी बंद. वस्ती वाढत पुढे तीन हजारांच्या घरात गेली, पण गल्ली वाढवायची परवानगी नाही. मग आहे त्याच घरामागे घर, माडीवर माडी. खाली त्या जोत्यांमधून चालताना मी नकळत खांदे आवळून घेत होतो. एका भिंतीवर हात टेकून दुसरीकडे पाहिलं, तर आमची पेठेतली जुनी खोली परवडली.

घरांना नंबर नव्हते, नावं होती. दारावर पाटी किंवा चित्र. या पाचांची नावं मी वहीत उतरवून घेतली: दगडी घर, गरम न्हाणी, ससाणा, लाल एडका, पांढरा एडका. वाचता वाचता मला एकदम तांबडी जोगेश्वरी, काळी जोगेश्वरी, पिवळी जोगेश्वरी आठवल्या. पुण्यात नवीन पोस्टमन आला की रंगावरून हमखास घोटाळा करायचा. इथेही लाल ढाल होती, हिरवी होती, काळीही होती. जर्मन 'शिल्ड' म्हणजे ढाल आणि पाटीसुद्धा. 'रोट' म्हणजे लाल. रोट-शिल्ड.

आपण वर्तमानपत्रात त्या बड्या बँकवाल्या घराण्याचं नाव 'रॉथ्सचाइल्ड' असं वाचतो आणि मनातल्या मनात कुणा रॉथचं पोर समजतो. मीही तेच समजत होतो. नाव 'रोट'पाशी तोडायचं, 'रॉथ्स'पाशी नाही, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

१५६७ च्या सुमारास एल्खानानचा मुलगा इसाक याने लाल पाटीचं घर बांधलं. त्याच्या वंशजांना लोक त्या घराच्या नावाने ओळखू लागले. १६६४ मध्ये कुटुंबाने ते घर सोडलं आणि गल्लीतच मागच्या बाजूच्या एका घरात बिऱ्हाड हलवलं. त्याचं नाव 'हिंटरफान', म्हणजे 'मागची कढई'. हिशेबाने त्यांचं आडनाव तेव्हा कढईवाले व्हायला हवं होतं. झालं नाही. बँकेचा पाया घालणारा माईर अम्शेल १७४४ मध्ये जन्मला तो त्या कढईतच, लाल घर सुटून ऐंशी वर्षं झाल्यावर. व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते, की यांचं खरं आडनाव बावर होतं आणि माईरने दुकानावर लाल पाटी लावून नाव बदललं. ती साफ खोटी.

त्याचं नावही बघा: माईर, बापाचं नाव अम्शेल, मग रोटशिल्ड. रेशनकार्डावर चपखल बसेल. बाप अम्शेल मोझेस, आजोबा मोझेस काल्मान. बरेच ज्यू स्वतःचं आणि बापाचं नाव एवढ्यावरच भागवत. पुढे सरकारांनाच कायमचं आडनाव हवंसं झालं, नेपोलियनने १८०८ मध्ये आणि प्रशियाने १८१२ मध्ये तसे हुकूम काढले. फ्रँकफर्टच्या या गल्लीतल्या पुष्कळांकडे ते आधीच तयार होतं, दारावर टांगलेलं.

खरी गंमत पुढे आहे. १७८० च्या दशकात माईरने पैसे साठवून घर घेतलं ते हिरव्या पाटीचं! लाल पाटीवाले हिरव्या पाटीत. शेजारी, त्याच जोडघरात, शिफ कुटुंब; 'शिफ' म्हणजे जहाज. पाच मुलं फ्रँकफर्ट, व्हिएन्ना, लंडन, नेपल्स, पॅरिस अशी पाच शहरांत पेढ्या घालून बसली, वाडे बांधले, तरी त्यांची आई गुटले त्या अरुंद हिरव्या घरातून हलली नाही. १८४९ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी वारली, तोवर तिथेच. पुढे गल्ली पाडली तेव्हा हे घर ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तेही गेलं.

म्युझियममागे जुनं कब्रस्तान आहे. तिथला सर्वांत जुना दगड १२७२ चा. बाहेरच्या भिंतीत नाझींनी मारलेल्या फ्रँकफर्टच्या ज्यूंची नावं छोट्या धातूच्या ठोकळ्यांवर कोरून बसवलीत, सुमारे बारा हजार. ठोकळ्यांवर लोकांनी खडे ठेवलेत. मी 'रोटशिल्ड' शोधत गेलो आणि अर्ध्यात शोधणं सोडून दिलं. प्रत्येक नाव वाचायचं तर दिवस पुरला नसता, आणि नुसतं ओळखीचं आडनाव हुडकत पुढे जायची लाज वाटली.

आत हिब्रू अक्षरांच्या ओळी मला काही वाचता येईनात. पण एका दगडावर ठळक कोंबडा कोरलेला होता. जावई म्हणाला, हे 'हान' घरातले. दुसऱ्यावर हंस होता, की बदक, यावर आमचं एकमत होईना. दगड कललेला, शेवाळ चढलेलं, पक्ष्याच्या मानेचा बाक मात्र जसाच्या तसा. घराची पाटी मेल्यावरही डोक्याशी.

ट्राममध्ये जावयाने विचारलं, "बाबा, सासवडला तुमचं घर कुठे होतं?" मला सांगता येईना. पणजोबांनी सोडलं म्हणतात. मी सासवडला दोनदा गेलोय, एकदा लग्नाला आणि एकदा पुरंदरच्या वाटेवर एसटी बंद पडली म्हणून.

संध्याकाळी कागदाची पट्टी कापली, जर्मन टपालवाल्याला वाचता यावं म्हणून रोमन लिपीत आडनाव लिहिलं आणि 'देसाई'च्या खाली चिकटपट्टीने लावलं. वर नाव एका ओळीत बसेना. 'कर' खालच्या ओळीत गेलं.