आईचे गुडघे आणि आमचं "तू बस गं"

आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही पहिलं काय केलं तर तिला बसवलं. भाजी मी आणते, पाणी मी देते, जिना नको, तू बस गं. सगळं प्रेमापोटीच, पण वर्षभरात तिच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या की खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागायचा.

डॉक्टरांनी उभं राहून एक्सरे काढायला लावला, कारण पायावर भार असतानाच सांध्यातली फट किती कमी झालीय ते नीट कळतं. म्हणाले, कुर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची मऊ गादी, झिजलीय, ती काही परत येत नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू भक्कम असेल तर गुडघा सांभाळला जातो आणि तोच तुम्ही बसवून ठेवलात. फार लागलं मला ते.

मग फिजिओ सुरू. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने दाबून धरायची, दहा आकडे मोजून सोडायची. सुरुवातीला दुखणं वाढलं, आई म्हणाली बंद करा हे, पण फिजिओने आधीच सांगितलेलं की थोडं दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत उतरलं तर चालतं, सूज आली तर मात्र व्यायाम कमी करायचा. अडीच महिन्यांनी ती एकटी खाली भाजीच्या गाडीपर्यंत जाऊन आली, मी गॅलरीतून बघत होते, डोळे भरून आले.

बाकी, बीपी असल्यामुळे दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आधी डायक्लोफेनॅकचं जेल. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, आम्ही कित्येक महिने उलटीच धरायला लावत होतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, म्हणून रात्रीचा भात बंद, यावर ती अजून रुसलेली आहे. आणि शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या त्या "वंगणाच्या" ग्लुकोसामाईनच्या गोळ्या आणल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले त्याने गुडघ्याला खास फरक पडत नाही, तेच पैसे फिजिओला द्या.

ऑपरेशन कधीतरी लागेलही, लागलं तर करू. देवघर मात्र आता भिंतीवर उंच घेतलंय, मांडी घालून बसता येत नाही याचं तिला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं. उभ्याने पूजा करते. सध्या घोट्याला अर्ध्या किलोचं वजन बांधून पाय उचलणं चाललंय, पुढच्या महिन्यात एक किलो.